पाखरं राखायला

जानेवारीत ज्वारीच्या कणसात चीक भरला की आई अंधारातच हाक मारायची, "ऊठ गं, पाखरं राखाया जायचंय." मग पुढचा महिनाभर शाळा बंद. गुरुजी विचारायचे नाहीत, कारण त्या दिवसांत निम्मा वर्ग शेताशेतातल्या माळ्यांवर बसलेला असायचा. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठाला आमचं गाव. साल १९७३-७४. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि घरात येणाऱ्या दाण्यादाण्याला मोल होतं.

पुढे पुण्यात शिक्षिका झाले. एकदा चौथीच्या वर्गात सांगितलं, "तुमच्याएवढी होते तेव्हा मी पाखरं राखायला जायची." पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, किती छान! मग तुम्ही त्यांना नावं पण ठेवायचात?" मला हसू आवरेना. नावंच ठेवायचो, बाळा. सगळी इथं सांगण्यासारखी नाहीत.

पाखरं राखायची म्हणजे पाखरांपासून पीक राखायचं. मधलं ‘पासून’ आमच्याकडे कुणी उच्चारत नसे. शहरातल्या मुलीनं ते वाक्य सरळ ऐकलं आणि त्याचा अर्थ उलटा झाला. तेव्हा मी तिला दुरुस्त केलं. आज करणार नाही.

माळा म्हणजे चार मेढी, त्यावर आडवी लाकडं आणि वर कडब्याच्या पेंढ्या. वर चढलं की सगळं रान डोळ्यांखाली यायचं. हातात गोफण. ती आजोबा विणून द्यायचे, तागाच्या सुतळीची. मधोमध दगड बसेल अशी तळहाताएवढी जाळी, दोन्ही अंगांना हात-दीड हाताच्या दोऱ्या. एका दोरीच्या टोकाला फासा, तो मधल्या बोटात अडकवायचा. दुसरी दोरी अंगठ्याखाली दाबून धरायची. डोक्यावरून दोन-तीन फेरे द्यायचे आणि नेमक्या वेळी अंगठा सैल सोडायचा. दगड जायचा तिकडे जातो, पण सुटलेल्या दोरीचा शेंडा हवेत ‘फाट्’ करून वाजतो. खरं काम तो आवाज करतो. आजोबा सांगायचे, "पाखरू मारायचं न्हाई, उडवायचं. मेलेलं पाखरू बघून दुसरी पाखरं शानी होत न्हाईत." मला हे शिकायला दोन हंगाम लागले. पहिल्या हंगामात दगड पुढं जाण्याऐवजी मागं जायचा, आणि मागं आजोबा बसलेले असायचे.

माळ्यावर बसल्या बसल्या जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. चिमण्या आधी बांधावरच्या बोरीत बसून अंदाज घेतात, एक जण उतरते आणि मग सगळ्या. राघू खातो कमी आणि नासतो जास्त. होला खाली सांडलेलं टिपतो, म्हणून त्याला उडवायचं नाही, तो आपला. आणि भोरड्या. सूर्य कासराभर वर यायच्या आत आभाळात एक काळा डाग दिसायचा. तो लांबायचा, आखडायचा, वळायचा आणि धप्पकन रानात कोसळायचा. जवळून पाहावं तर पाखरू देखणं, काळं डोकं, काळे पंख आणि मधलं अंग गुलाबी. पण पाहायला वेळ कुणाला? गोफण, पत्र्याचा डबा, घशातून निघेल तो आवाज. दुपारपर्यंत घसा बसायचा. एका सकाळी राखण चुकली तर रानाचा एक पट्टा नुसता भुसकट होऊन उभा राहायचा.

या भोरड्या मध्य आशियाच्या बाजूनं येतात आणि आपल्या विणीच्या मुलखात टोळ आणि नाकतोडे खातात, हे मला चाळिशीत कळलं. पुस्तकात त्यांना पळसमैना म्हटलेलं, कारण उन्हाळ्याच्या तोंडाला पळस फुलला की त्या फुलांतला रस प्यायला जमतात. मी घसा फोडून ज्यांना शिव्या दिल्या त्या हजारो किलोमीटर उडून आलेल्या होत्या. सांगितलं असतं तरी आईनं मला तेव्हा माळ्यावरून खाली उतरू दिलं नसतं, हेही खरं.

आणि आता? दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गावी गेले होते. संध्याकाळी रस्त्याकडेला चार मोटारी, तिपाईवर कॅमेरे, आणि पंचवीस-तीस माणसं आभाळाकडे तोंड करून गप्प उभी. बाभळींवर मुक्कामाला येणाऱ्या भोरड्यांचा थवा आभाळात घड्या घालत होता. तोच डाग, तेच लांबणं-आखडणं. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा उजवा हात मात्र आपोआप वर गेला होता. अंगठा दाबलेला.

जुने दिवस आठवताना माणूस साळसूद होतो, म्हणून हेही लिहिते. भावाकडे गलोर होती आणि त्याचा नेम चांगला होता. आजोबांनी ‘तो आपला’ म्हटलेला होला त्यानं एकदा पाडला. हुरड्याच्या आगटीत तो भाजला आणि मी खाल्ला. चव आठवत नाही, चटका आठवतो. आठवडी बाजारात तित्तर, लाव्हऱ्या जिवंत विकायला यायच्या, पायाला दोरा बांधलेल्या. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला होता, पण आमच्या बाजारापर्यंत त्याची वार्ता आली नव्हती. तेव्हा ‘पूर्वीची माणसं निसर्गाशी एकरूप होती’ असं कुणी भाषणात म्हणालं की मी इकडेतिकडे बघते.

पण त्याच घरात सुगी झाल्यावर आजी निवडक कणसांची जुडी बांधून सोप्याच्या आढ्याला टांगायची. चिमण्यांसाठी. महिनाभर ज्यांच्यावर दगड फेकले त्यांचाच हा वाटा. सोप्यात विठ्ठल-रखुमाईची तसबीर होती आणि तिच्यामागे चिमणीचं घरटं. काड्या, पिसं, कधी अंडं खाली पडायचं, एकदा तर थेट आजोबांच्या ताटात. तरीही पिल्लं उडून जाईपर्यंत तसबिरीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा आजी आधी वाकून बघायची.

आमच्या पुण्याच्या सोसायटीनं चिमणी दिवसाला, म्हणजे वीस मार्चला, लाकडी खोपे वाटले. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून हा दिवस जगभर पाळला जातो, आणि चांगलंच आहे. माझा खोपा चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत तीन वर्षं टांगलेला आहे. चिमणी आली नाही. येईल कशाला? पिल्लांना भरवायला अळ्या हव्यात, अंग घासायला माती हवी, निवडताना सांडणारं धान्य हवं. आम्ही निवडलेलं, स्वच्छ केलेलं, पिशवीबंद आणतो. घर दिलं आणि रेशन काढून घेतलं.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. मी सोळा वर्षांची होते. नोटिसा आधीपासून येत होत्या, मोजणी झाली होती, पण पाणी खरंच येईल असं म्हाताऱ्यांना वाटत नव्हतं. ते आलं. ११७ टीएमसीचं धरण, कागदावर यशवंतसागर. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत, माढा या तालुक्यांतल्या गावांच्या शिवारांत ते पसरलं. जुनं पळसदेव पाण्यात गेलं. तिथलं पळसनाथाचं देऊळ अजूनही कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, आणि लोक नावेतून दर्शनाला जातात. आमचं माळ्याचं रान गेलं. राहिली दोन एकर, वरच्या अंगाची. तिथं पाणी पोचलं तसा ऊस आला. उसाला पाखरं राखावी लागत नाहीत. गोफणी आढ्याला लटकल्या त्या लटकल्या.

आता या लेखाची पंचाईत सांगते. स्मरणरंजन करणाऱ्यानं लिहायचं असतं की आमच्या वेळी इथं हजारो रोहित पक्षी यायचे आणि आता कुठे गेले. मला तसं लिहिता येत नाही. आमच्या वेळी इथं रोहित नव्हतेच. तिथं ज्वारी होती. ज्यांना आज ‘भिगवणचे फ्लेमिंगो’ म्हणून सगळा देश ओळखतो, ते आमची घरं आणि रानं बुडाल्यावर आले. धरणाचं पाणी हिवाळ्यानंतर उतरत जातं, काठाला गुडघाभर पाण्याची आणि चिखलाची पट्टी उघडी पडते. त्या चिखलात बारीक जीव आणि शेवाळ. रोहित मान खाली घालतो, चोच उलटी करून चिखल गाळतो. त्याचा रंगही त्या खाण्यातूनच येतो. कच्छच्या रणात त्यांची वीण होते, आणि खाण्यासाठी ते आमच्या बुडालेल्या शिवारावर येतात. आई त्यांना पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "आपल्या रानात उभं हायेत बघ. आता राखायला कुनी न्हाई."

सुरुवातीच्या वर्षांत दुर्बीण घेऊन येणारी माणसं थोडी होती. एसटीनं यायची, डोक्यावर टोपी, हातात वही. पहिल्यांदा दोघं जण डिकसळच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ दुर्बीण लावून उभे राहिले आणि वहीत आकडे लिहू लागले, तेव्हा गावात बातमी फुटली की पुन्हा मोजणी आली. धरणग्रस्तांना दुर्बीण आणि वही एकत्र दिसली की दुसरं काय सुचणार? दहा-बारा माणसं चालून गेली. वडीलही गेले. त्या दोघांनी जीव तोडून सांगितलं, आम्ही पक्षी मोजतोय. वडिलांनी विचारलं, "मोजून काय करणार? नोटीस देणार त्यांना?" मग चहा झाला. दोघांपैकी एकानं वडिलांच्या डोळ्याला दुर्बीण लावली. समोर काळ्या अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली पाणपाखरं होती. तो म्हणाला, "याला मराठीत वारकरी म्हणतात." पंढरीच्या वाटेवरच्या आमच्या भीमेत वारकरी पोहत होते आणि आम्ही त्यांना नुसतं ‘पाणकोंबडी’ म्हणत होतो. वडिलांना हे नाव इतकं आवडलं की शेवटपर्यंत प्रत्येक पाहुण्याला ते पाण्यावरचे वारकरी दाखवायचे.

मराठी नावांचं हे धन मला मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांतून मिळालं. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी जंगलातल्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा केले. आपला ‘पक्षिकोश’ त्यांचा. ज्या झाडांवर बगळे, करकोचे एकत्र घरटी करतात त्याला ‘सारंगागार’ म्हणायचं हे त्यांच्यामुळे कळलं. पिवळ्या टोकाच्या चोचीवर, कपाळाशी दोन लाल ठिपके असलेल्या बदकाला ‘हळदीकुंकू’ म्हणतात हे समजलं त्या दिवशी मी सात वर्गांत जाऊन सांगितलं. त्यांचा जन्म पाच नोव्हेंबरचा, सालिम अलींचा बारा नोव्हेंबरचा. महाराष्ट्र सरकारनं २०२० पासून या दोन तारखांमधले दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळायला घेतले. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. सोलापूरचे होते, म्हणजे भीमेच्याच खोऱ्यातले, आमच्यासाठी खालच्या अंगाचे शेजारी.

माझा भाचा, म्हणजे गलोरवाल्या भावाचा मुलगा, नाव चालवतो. दोन एकरांवर दोन भावांचं भागेना म्हणून भोयांच्या मुलांबरोबर मासेमारी शिकला. चिलापी, कटला, मरळ. पहाटे जाळी काढायला जायचा तेव्हा काठावर शहरातली माणसं हात करायची, "दादा, थोडं आत न्याल का?" आधी फुकट न्यायचा. मग कुणीतरी हातावर पन्नास रुपये ठेवले. मग कुंभारगाव, डिकसळच्या मुलांनी ठरवून नावा पर्यटकांसाठी काढायला सुरुवात केली. कुणी जेवण, कुणी मुक्कामाची खोली. आमची वहिनी चिलापीचा रस्सा आणि भाकरी करते. भाकरीची ज्वारी बाजारातून विकत आणावी लागते.

भाच्याला शंभराच्या वर पक्षी ओळखता येतात, बहुतेकांची नावं इंग्रजीत. "आत्या, तो बघ बारहेडेड गूज. हिमालय ओलांडून येतो." मी म्हणते, पट्टकदंब म्हण. तो म्हणतो, "म्हणतो की, पण गिऱ्हाइकाला कळत न्हाई." यात त्याची चूक नाही. ज्यांनी त्याला शिकवलं ते जी नावं घेऊन आले ती त्यानं घेतली. मोबाइलवर पाखराचा आवाज ऐकवला की नाव सांगणारं ॲप त्याच्याकडे आहे. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते तेव्हा पुण्याची मंडळी त्याला हक्कानं बोलावतात. एकदा त्याचा आकडा आणि एका प्राध्यापकांचा आकडा जुळेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, भाच्याचा बरोबर निघाला. घरी येऊन म्हणाला, "आत्या, आज्यानं मोजायला शिकवल्यासारखं झालं." आज्यानं त्याला काही शिकवलं नव्हतं, आजा तो लहान असतानाच गेला. पण असू दे.

त्याच्या नावेत एक नियम आहे. पाखरं उडवायची नाहीत. थव्यापासून बऱ्याच अंतरावर तो इंजिन बंद करतो आणि पुढं बांबू टेकवत नाव सरकवतो. रोहितांच्या माना एकदम ताठ वर झाल्या की थांबतो, तिथून पुढं हातभरसुद्धा नाही. एकदा मी नावेत असताना मोठा कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ म्हणाले, "जरा इंजिन सुरू कर, उडताना फोटो हवाय. वर पाचशे देतो." पंखांखालचा गुलाबी-काळा रंग उडतानाच दिसतो, म्हणून उडवणं हा तिथला धंदाच व्हायच्या बेताला आला होता. भाचा म्हणाला, "साहेब, त्यांचं जेवण चाललंय." गृहस्थ म्हणाले, "हजार." भाच्यानं बांबू आडवा ठेवला आणि बिडी पेटवली. ज्या पाण्याखाली आमचं माळ्याचं रान होतं तिथून आम्ही फार लांब नव्हतो. मी बोलले नाही, बोलायचं काही नव्हतं. आमच्या घरानं पाखरं उडवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या केलं, कुणी पैसे दिले नाहीत.

हे चित्र सगळीकडे असं नाही, आणि का नाही ते आमच्या पलीकडच्या काठावर बघावं. करमाळा, माढा, कर्जत या भागांसह १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. हेतू उत्तम, पक्षी दुर्मीळ. पण क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा. जमिनीच्या व्यवहाराला अडचण आली, बांधकामाला आली, आणि माळढोक हा शब्द तिकडे शिवीसारखा झाला. माझ्या मावशीच्या गावी ‘माळढोक आडवा आला’ म्हणजे काम अडलं. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पक्षीही गेला होता आणि लोकांचं मनही. नान्नजच्या माळावर आज एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. आमच्या काठाला लोक ‘भिगवण पक्षी अभयारण्य’ म्हणतात, पण वनखात्यानं जाहीर केलेलं ते अभयारण्य नव्हे. पाटी नाही, कुंपण नाही. राखण करणाऱ्याच्या घरात त्या पाखरामुळे चूल पेटते, एवढंच आहे. कायदा नको असं मी म्हणत नाही. नांदूर मधमेश्वरला १९८६ पासून अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं, आणि तिथं गावातलीच मुलं वाटाडे म्हणून उभी असतात. अकोला-वाशीमकडे तर तणमोर राखायला फासेपारधी समाजातली माणसं पुढं आली. ज्यांच्या फाशांना आम्ही नावं ठेवायचो त्यांना तणमोर गवतात नेमका कुठं बसतो हे आपल्या सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं. त्यांना विचारायला एवढा उशीर झाला, हे मात्र लाजिरवाणं आहे.

एका पाखराच्या बाबतीत माझं काही चालत नाही. गिधाड. गावाबाहेर ओढ्याच्या काठी मेलेली जनावरं टाकायची जागा होती. बैल पडला की दुपारपर्यंत वीस-पंचवीस गिधाडं, आणि दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा. आम्ही नाक दाबून पळायचो. त्यांना कुणी दगड मारला नाही, गोफण दाखवली नाही, खाल्लं तर नाहीच. भोरड्यांवर आम्ही लाखानं दगड फेकले आणि त्या अजून येतात. गिधाडांना कुणी हात लावला नाही आणि ती गेली. आजारी बैलाला दुखणं कमी व्हावं म्हणून दिलेलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, तो बैल मेला की त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात, आणि गिधाडाचं मूत्रपिंड निकामी. २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ च्या मानानं हजारात एक उरली होती. आमच्या गोठ्यातही ते इंजेक्शन दिलं गेलं. वडिलांनी मायेनं दिलं. म्हणून मुलांना पक्षी दाखवताना नुसती दुर्बीण देऊन भागत नाही, पशुवैद्याच्या पिशवीत काय आहे तेही सांगावं लागतं.

शाळेची सहल मी निवृत्तीच्या आदल्या वर्षी भिगवणला नेली. चौथीची बावन्न मुलं. नावेत बसण्याआधी भाच्यानं सगळ्यांना चिखलात उभं केलं आणि म्हणाला, "आधी बूट काढा." दोन पालक बायका माझ्यावर चिडल्या. मुलं मात्र पोटरीपर्यंत चिखलात उतरली, मूठभर चिखल ताटलीत घेतला, पाणी ओतलं आणि त्यात वळवळणारे बारीक जीव बघत बसली. "हेच खायला एवढ्या लांबून येतात ते," भाचा म्हणाला. मग नावेत एक मुलगा पूर्ण वेळ कुजबुजत होता. का विचारलं तर म्हणाला, "बाई, ती जेवतायत ना." जेवताना आवाज करू नये हे त्याला घरी शिकवलेलं होतं.

त्याच चिखलाला आता वास येतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, जलपर्णीचे तांडे तरंगतात, जाळ्यात कधी कधी तोंडानं चिकटणारा तो विदेशी मासा येतो आणि जाळं फाडतो. भाचा म्हणतो, "आत्या, तुमच्या सोसायटीचं पाणी इथंच येतं बघ." तो चेष्टेत म्हणतो. मी नळ सोडते तेव्हा मला ते ऐकू येतं.

भिगवण पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभर किलोमीटर आहे. रोहित बघायचे तर जानेवारीनंतर पाणी उतरल्यावर या, पहाटे सहाच्या आत काठावर पोचा, लाल-भडक कपडे घालू नका. दुपारी जेवायला थांबा, रस्सा तिखट असतो. नावाड्याला दर ठरवून द्या, घासाघीस करू नका. आणि नाव पाण्यात गेल्यावर ‘अजून थोडं जवळ घे’ असं त्याला म्हणू नका.